आधी विचारपूस, मग काम

(सामुदायिक रेडिओवर दिलेलं भाषण)



मागच्या मंगळवारी कार्यक्रम संपल्यावर पलीकडच्या वाडीतल्या एका काकूंचा फोन आला. त्यांचा मुलगा साखर कारखान्यात पॅनमन. त्याला टांझानियातल्या एका कारखान्यात नोकरी लागली. तो गेला, आणि आता दिवाळीनंतर सूनबाई आणि नातू जायचे आहेत. काकू म्हणाल्या, "तुम्ही तिकडं राहून आलाय. माझ्या सुनेला सांगा की तिथं कसं वागायचं. इथं जो तो तिला भीतीच घालतोय." बोलता बोलता काकूंनी तिथल्या लोकांसाठी एक शब्द वापरला, रंगावरून. तो मी इथं सांगणार नाही. काकू मनानं वाईट नाहीत. आपल्याकडं तो शब्द सहज तोंडात येतो, जाण्याआधी माझ्याही तोंडात होता. म्हणून म्हटलं, एकट्या सुनेला सांगण्यापेक्षा सगळ्यांनाच सांगावं. आपल्या भागातले किती तरी कामगार हल्ली आफ्रिकेतल्या साखर कारखान्यांत जातात. उद्या तुमच्याही घरातलं कुणी जाईल.

माझे मालकही पॅनमनच. आम्ही 2013 ते 2016, साडेतीन वर्षं टांझानियात मोरोगोरोच्या भागात होतो. आजूबाजूला ऊस, मका, मागं डोंगर. पहिल्या दिवशी तर वाटलं, आपण कृष्णाकाठीच आहोत.

एक गोष्ट आधी नीट समजून घ्या. आफ्रिका हा देश नव्हे. तो खंड आहे, त्यात 54 देश आहेत. तेव्हा "आफ्रिकेत कसं वागायचं" याला उत्तर नाही. मी टांझानियाचं सांगते, तेही मी पाहिलं तेवढंच. हा देश आपल्या महाराष्ट्राच्या तिप्पट आहे. तिथं 120 च्या वर जमाती आहेत, प्रत्येकीची बोली वेगळी, पण सगळ्यांना जोडणारी भाषा एक, स्वाहिली. त्यांचे पहिले राष्ट्राध्यक्ष ज्युलियस न्येरेरे आधी शाळामास्तर होते. लोक अजून त्यांना 'म्वालिमू' म्हणतात, म्हणजे गुरुजी. आणि 2021 पासून तिथं राष्ट्राध्यक्षपदावर एक बाई आहे, सामिया सुलुहू हसन.

आता माझी पहिली चूक सांगते. पोचून चार दिवस झाले होते. रस्त्याकडेला एक म्हातारी टोमॅटोचे ढीग लावून बसलेली. मी 'बेई गानी' एवढं शिकून गेले होते, म्हणजे 'भाव काय'. गेले आणि उभ्या उभ्या म्हटलं, "बेई गानी?" म्हातारीनं माझ्याकडं पाहिलं, आणि भाव न सांगता म्हणाली, "हबारी झा असुबुही?" मला वाटलं तिला ऐकू आलं नाही. मी मोठ्यानं विचारलं. ती पुन्हा तेच म्हणाली, शांतपणे. शेजारच्या पोरीला हसू आवरेना. ती म्हातारी मला विचारत होती, सकाळ कशी आहे? म्हणजे, बाई, आधी माणसासारखी बोल, मग टोमॅटोचं बघू.

तिथं कामाचं बोलणं थेट सुरू करणं हा उद्धटपणा आहे. दुकानात, दवाखान्यात, बसच्या तिकिटाला, पाणवठ्यावर, सगळीकडं आधी विचारपूस. 'हबारी झा न्युम्बानी', घरचं कसं काय? 'हबारी झा वातोतो', मुलं कशी आहेत? 'हबारी झा काझी', काम कसं चाललंय? उत्तर बहुतेक 'न्झुरी', म्हणजे छान. घरात दुखणं असलं तरी आधी न्झुरी म्हणायचं, दुखणं नंतर सांगायचं. हात हातात घेतला की तो लगेच सोडत नाहीत, बोलणं होईपर्यंत धरून ठेवतात. सुरुवातीला मला घाई व्हायची. नंतर माझ्या लक्षात आलं की माझी आजीही असंच करायची. वाटेत भेटलेल्या बाईला गुरांपासून नातवंडांपर्यंत सगळं विचारायची, आणि मग म्हणायची, "बरं, जरा ताक मिळंल का?" आपणच ते विसरत चाललोय.

मोठ्या माणसाला मात्र 'हबारी' चालत नाही. त्याला म्हणायचं 'शिकामू'. हा शब्द 'मी तुमचे पाय धरते' यावरून आलाय. समोरचा म्हणतो 'मराहबा', म्हणजे नमस्कार पावला. बघा, आपण पाया पडतो, ते तोंडानं पाय धरतात. लहान मूलही रस्त्यानं जाताना अनोळखी म्हाताऱ्याला शिकामू म्हणतं. माझ्या धाकट्यानं दुसऱ्या महिन्यात शेजारच्या आजीला आपणहून शिकामू म्हटलं, आणि त्या दिवसापासून तो दुपारचा आमच्या घरी कमी आणि तिच्या अंगणात जास्त. तेव्हा सूनबाईंनी आणखी काही शिकलं नाही तरी चालेल, पण नातवाला हे दोन शब्द इथूनच पाठ करून न्यावेत.

नात्यांच्या शब्दांनी मात्र माझी फार गंमत केली. तिथं 'मामा' म्हणजे आई. 'दादा' म्हणजे बहीण. 'काका' म्हणजे भाऊ. 'बाबू' म्हणजे आजोबा आणि 'बीबी' म्हणजे आजी. बाईला तिच्या नावानं हाक मारायची रीत नाही, थोरल्या मुलाच्या नावापुढं 'मामा' लावतात. साडेतीन वर्षं मी सगळ्या गल्लीची मामा होते. आमच्या मालकांनी एकदा कारखान्यातल्या मुकादमाला आपल्या सवयीनं 'दादा' म्हटलं, तो बिचारा मागं वळून बघायला लागला, कुठली बाई आली म्हणून.

शब्द ओळखीचेही खूप निघतात. पैसा तो पेसा, गाडी ती गारी, दुकान ते दुका, बांगडी ती बांगिली, लाख तो लाकी, विमा तो बिमा. चहा चायच आणि चपाती चपातीच. किती तरी पिढ्यांपासून आपले लोक, जास्त करून गुजराती, तिकडं व्यापार करत आलेत, त्यांच्याबरोबर हे शब्द गेले. मक्याला म्हणतात 'माहिंदी' आणि आपल्याला म्हणतात 'वाहिंदी'. पोरं रस्त्यात "म्हिंदी, म्हिंदी" ओरडतात. ती शिवी नाही, हात हलवायचा आणि पुढं जायचं.

कुणाच्या घरी गेलात तर थेट दारात शिरू नका. अंगणातून 'होदी' म्हणायचं. आतून 'करिबू' आलं, म्हणजे या, तरच पुढं. तीनदा होदी म्हणून उत्तर आलं नाही तर मुकाट्यानं परत फिरायचं, खिडकीतून डोकावायचं नाही. चपला बाहेर. काही घ्यायचं-द्यायचं ते उजव्या हातानं, मोठ्यांना देताना डावा हात उजव्या कोपराला लावून. हे आपल्याला नवं नाही. रिकाम्या हातानं जात नाहीत, साखरेचा पुडा, साबणाची वडी असं काही तरी नेतात. आणि निघताना घरची बाई नुसती दारातून हात हलवत नाही, अर्ध्या वाटेपर्यंत सोबत चालत येते. मी पहिल्यांदा "राहू दे, मी जाते" म्हटलं, तर ती नाराज झाली. पाहुण्याला पोचवायला जाणं हा पाहुण्याचा मान आहे, तो नाकारायचा नाही.

जेवणाबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण काकूंच्या घरात माळ आहे. रोजचं जेवण म्हणजे उगाली. मक्याचं पीठ उकळत्या पाण्यात घट्ट घाटायचं, आपल्या उकडीसारखं. त्याच्याबरोबर 'म्चिचा', ही आपल्या माठाच्या जातीची पालेभाजी, त्यात कधी शेंगदाण्याचं कूट, किनाऱ्याकडं नारळाचं दूध. नाहीतर 'महारागे', म्हणजे राजम्यासारखी उसळ. कोशिंबिरीला 'कचुंबरी' म्हणतात. जेवायच्या आधी घरातली मुलगी तांब्या आणि पसरट भांडं घेऊन येते, प्रत्येकाच्या हातावर पाणी घालते. बरेचदा एकाच ताटाभोवती चौघीजणी बसतात. उजव्या हातानं उगालीचा गोळा घ्यायचा, अंगठ्यानं खळगा करायचा, त्यात भाजी उचलायची, आपल्या समोरचंच खायचं. कुणी जेवत असताना तुम्ही गेलात तर ते 'करिबू' म्हणणारच. पोट भरलेलं असलं तरी एक घास घ्यावा.

आता मांसाहाराचं. आमच्या घरी मी आणि सासूबाई खात नाही. शेजारच्या बीबीनं आम्हाला पहिल्यांदा जेवायला बोलावलं आणि पाहुणे म्हणून कोंबडी कापली. माझ्यापुढं ताट आलं तेव्हा मी "नको" म्हटलं. नुसतं नको. तोंडही वाकडं झालं असेल. बीबी काही बोलली नाही. तिच्याजवळ पाच कोंबड्या होत्या, सकाळी अंगणात मी मोजलेल्या. संध्याकाळी चार होत्या. मैत्रिणींनो, त्या रात्री मला झोप लागली नाही. गरिबाच्या घरातली पाचातली एक कोंबडी म्हणजे काय, हे मला नाही कळायचं तर कुणाला कळायचं? चूक न खाण्यात नव्हती. चूक आधी न सांगण्यात होती. 'सिली न्यामा', मी मांस खात नाही, एवढं बोलावणं येतं त्याच दिवशी हसून सांगायचं. कुणी वाईट वाटून घेत नाही, थोडे कोड्यात पडतात, "मग हिला काय घालायचं?" म्हणून. तेव्हा आपणच सांगायचं, उगाली आणि म्चिचा मला फार आवडतो.

बीबीकडं परत जायला मला आठ दिवस लागले. मी डाळ आणि चपात्या घेऊन गेले, अंगणातून होदी म्हटलं. तिनं करिबू म्हटलं.

वेळेचाही घोटाळा सांगून ठेवते. तिथला दिवस सकाळी उजाडल्यापासून मोजतात. आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक. 'सा मोजा'. आपले नऊ म्हणजे त्यांचे तीन. विषुववृत्ताजवळ असल्यानं सूर्य तिथं वर्षभर साधारण त्याच सुमाराला उगवतो, त्यामुळं हे त्यांना सोयीचं जातं. मला गल्लीतल्या बायकांनी त्यांच्या गटाच्या बैठकीला बोलावलं, 'सा नाने', आठ वाजता. मी आवरून, पोरांचा डबा करून सकाळी आठला हजर. झाडाखाली एक कुत्रं होतं फक्त. बैठक दुपारी दोनला होती. कुणी स्वाहिलीत वेळ सांगितली तर सहा तास मिळवा, नाहीतर सरळ विचारून घ्या.

पण दुपारी जी बैठक पाहिली ती सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही. आपल्यासारखेच बचत गट तिथं गावोगाव आहेत. काहींना 'विकोबा' म्हणतात. पैसे बँकेत नाही, एका लोखंडी पेटीत. पेटीला तीन कुलपं, आणि तिन्ही किल्ल्या तीन वेगवेगळ्या बायकांकडं. त्या तिघी आल्याशिवाय पेटी उघडतच नाही. प्रत्येकीचा नंबर ठरलेला, त्याच क्रमानं बसायचं. शेअर घ्यायचे, सगळ्यांसमोर मोजायचे, अडल्यानडल्यासाठी वेगळा फंड. वर्षभर कर्ज फिरवायचं आणि वर्षाअखेर सगळी रक्कम व्याजासकट वाटून पेटी रिकामी करायची, मग नव्यानं सुरुवात. उशिरा आलं तर दंड, मोबाईल वाजला तरी दंड. माझा वाजला. मी पाहुणी म्हणून सोडतील असं वाटलं होतं, पण नाही सोडलं, आणि मला ते आवडलं.

त्या बैठकीत मी आणखी एक चूक करणार होते. पेटी उघडताना मी मोबाईल काढला फोटोसाठी. अध्यक्षबाईंनी हात वर केला. रागानं नव्हे. म्हणाल्या, आधी विचार, आणि फोटो काढून त्याचं काय करणार ते सांग.

मैत्रिणींनो, हे आपल्याला माहीत नाही का? आपल्या गटाला भेट द्यायला लोक येत नाहीत? गाडीतून उतरतात, आपण चूल फुंकत असतो, केस विस्कटलेले, आणि खचाखच फोटो. चांगली भिंत सोडून पडकी भिंत मागं घेतात. एकदा माझ्या जावेचा असा फोटो कुठल्याशा माहितीपत्रकावर छापून आला, खाली लिहिलेलं, 'एक गरजू महिला'. तिनं त्या वर्षी गटाचं सगळं कर्ज वेळेआधी फेडलेलं. तिला किती लागलं होतं ते मी पाहिलंय. आणि तरी परदेशात गेल्यावर मोबाईल माझ्याच हातात होता. पाहुणं झालं की माणूस लगेच विसरतं.

तेव्हा फोटोचा नियम साधा. तोंडानं विचारा, नाही म्हटलं तर मोबाईल खाली. लाल-निळ्या शाली पांघरणारे मसाई लोक दिसतील, ते फोटोचे पैसे मागतील. आधी ठरवा, मग काढा. लष्कराचे जवान, पोलीस, विमानतळ, सरकारी इमारती, पूल यांचे फोटो काढूच नका, त्यात अडचणीत याल. नव्या गावात गेलात तर आधी गावच्या अध्यक्षाला भेटायचं, त्यांना 'म्वेन्येकिती' म्हणतात, आणि पाहुण्यांच्या वहीत नाव लिहायचं. शाळेत गेलं तरी वही, कचेरीत गेलं तरी वही.

कपड्यांचं फार अवघड नाही. साडी, पंजाबी ड्रेस, काहीही चालतं, गुडघे आणि खांदे झाकलेले असावेत. झांझिबार बेटावर बहुतेक सगळे लोक मुसलमान आहेत, तिथं जास्त सांभाळायचं, आणि रमजानमध्ये दिवसा रस्त्यावर खायचं-प्यायचं नाही. नवरा-बायकोनं चारचौघांत गळ्यात हात टाकलेले लोकांना आवडत नाहीत. मात्र दोन पुरुष मित्र हातात हात घालून चालतात, ती साधी मैत्री. चारचौघांत आरडाओरडा करणं सगळ्यात वाईट. कितीही राग आला तरी आवाज चढवणाऱ्या माणसाचीच तिथं किंमत जाते.

बायका कमरेला आणि डोक्याला 'कांगा' गुंडाळतात. एकाच नक्षीची दोन कापडं, त्या जोडीला 'दोती' म्हणतात. आपल्या गुजरातेत जेतपूरलाही हे कापड छापून तिकडं जातं. प्रत्येक कांग्यावर काठाजवळ स्वाहिलीत एक ओळ छापलेली असते. कुठं आईची माया, कुठं देवाचे आभार, आणि कुठं शेजारणीला टोमणा. तेव्हा भेट द्यायला कांगा घेताना ओळ वाचून घ्या बरं का. मी नुसता रंग पाहून एकीसाठी घेतला होता, दुकानदारीणच म्हणाली, "हा देऊ नकोस, भांडण होईल."

अजून दोन शब्द सांगते. 'पोले' आणि 'समहानी'. कुणी ठेचकाळलं, कुणी ओझं घेऊन चाललंय, कुणी प्रवासातून आलं, की पोले म्हणायचं. तुमची चूक नसली तरी. म्हणजे, तुला त्रास झाला ते मला दिसलं. कुणाचं माणूस गेलं तर पोले म्हणून घरी जायचं, बायकांबरोबर चटईवर बसायचं, यथाशक्ती पैसे द्यायचे, ते वहीत लिहितात. ओळख नाही म्हणून गेलो नाही, हे तिथं चालत नाही. आणि समहानी म्हणजे माफ करा. ते आपल्या चुकीसाठी.

2016 च्या जानेवारीअखेर बंगळूरमध्ये एक घटना झाली. दुसऱ्याच देशाच्या एका विद्यार्थ्याच्या गाडीखाली एक बाई गेली. जमाव जमला, आणि मागून दुसऱ्या गाडीतून आलेल्या टांझानियाच्या एका विद्यार्थिनीला त्या जमावानं मारलं, तिचे कपडे फाडले, गाडी जाळली. तिचा त्या अपघाताशी काही संबंध नव्हता. बातमी तिकडं रेडिओवर, टीव्हीवर सगळीकडं आली. मला तीन दिवस बाहेर पडायचं धाडस झालं नाही. चौथ्या दिवशी पाण्याला जावंच लागलं. बायकांनी नेहमीसारखी विचारपूस केली, घरचं कसं काय, मुलं कशी आहेत. सगळं झाल्यावर बीबीनं विचारलं, "ती मुलगी त्या गाडीत नव्हती. मग तिला का मारलं?"

मला उत्तर आलं नाही. पहिल्यांदा तोंडात पोले आलं. मग ते गिळलं आणि समहानी म्हटलं. बीबीनं माझा हात धरला, आणि नेहमीसारखा बराच वेळ सोडला नाही.

काकू, म्हणून त्या शब्दाचं म्हटलं. आपल्या पुण्यातही तिकडची मुलं शिकायला असतात, त्यांच्याही कानावर तो पडतो.

राहता राहिलं सामान. 2019 च्या जूनपासून टांझानियात प्लॅस्टिकच्या पिशव्यांना बंदी आहे, तेव्हा चटण्या, पापड बांधताना कापडी पिशव्या वापरा, विमानतळावर काढून घेतील. तूरडाळ मोठ्या शहरात मिळते, काळा मसाला नाही मिळत, तो न्या. नातवाला दोन शब्द पाठ करून ठेवा. आणि या रविवारी सूनबाईंना घेऊन घरी या. अंगणातून होदी म्हणायला सांगा, मी आतून करिबू म्हणते.

रामराम.